राउटरवर निवडक ट्रॅफिकची मोजदाद: नेटफ्लोला काय बघायचं ते नेमून द्या

सकाळी अकरा वाजता शाखेची २० एमबीपीएसची लाइन भरते. एसएनएमपीचा (उपकरणांकडून लाइनचे एकूण आकडे विचारून घेण्याच्या पद्धतीचा) आलेख तेवढंच सांगतो. ती कोणी भरली, कोणत्या सर्व्हरकडे, हिशेबाच्या सॉफ्टवेअरने की कोणाच्या अपडेटने, हे त्यातून कळत नाही. ते कळावं म्हणून सिस्कोने १९९६ मध्ये राउटरमध्येच एक सोय दिली, तिचं नाव नेटफ्लो. आज जुनिपर, मायक्रोटिक, हुआवे अशा बहुतेक कंपन्यांच्या राउटरमध्ये तिचं काही ना काही रूप सापडतं. अडचण अशी की बरेच जण ती सगळ्या इंटरफेसवर, सगळ्या पॅकेटसाठी एकदम चालू करतात आणि आठवड्याभरात राउटर मंदावला म्हणून बंदही करून टाकतात. खरं तर बंद करायची गरज नसते. काय पूर्ण मोजायचं, काय नमुन्यावर भागवायचं आणि कशाकडे बघायचंच नाही, हे राउटरला नेमून देता येतं. या लेखात ते कसं करायचं ते पाहू.

आधी फ्लो म्हणजे काय ते पक्कं करू. पॅकेट आत आलं की राउटर त्याच्या सात गोष्टी बघतो: कुठून आलं तो आयपी पत्ता, कुठे चाललंय तो पत्ता, दोन्हीकडचे पोर्ट, प्रोटोकॉल, सेवेच्या दर्जाचा बाइट आणि कोणत्या इंटरफेसमधून आत आलं तो इंटरफेस. या सातही गोष्टी जुळणारी पॅकेट एका फ्लोची. राउटर त्यांची एकच नोंद कॅशेमध्ये, म्हणजे स्वतःच्या तात्पुरत्या साठ्यात, ठेवतो आणि तीत पॅकेट व बाइट वाढवत जातो. पॅकेटच्या पोटातला मजकूर तो साठवत नाही. फ्लो एका दिशेचा असतो, म्हणून ब्राउझरने सर्व्हरला केलेली विनंती हा एक फ्लो आणि सर्व्हरचं उत्तर हा दुसरा. ही बाब नीट लक्षात ठेवा, पुढच्या निम्म्या चुका इथूनच होतात.

कॅशेमधली नोंद चार कारणांनी बाहेर पडते. १५ सेकंद त्या फ्लोचं एकही पॅकेट आलं नाही, फ्लो सलग ३० मिनिटं चालूच राहिला, टीसीपीने जोडणी संपल्याची खूण दिली किंवा कॅशे भरला. १५ सेकंद आणि ३० मिनिटं ही सिस्कोच्या राउटरवरची मूळ मूल्यं आहेत. बाहेर पडलेल्या नोंदी यूडीपीने कलेक्टरकडे, म्हणजे त्या गोळा करणाऱ्या सर्व्हरकडे, जातात.

आता सगळंच मोजलं तर काय होतं, ते आकड्यांत बघू. अनेक जुन्या सिस्को राउटरवर कॅशे मुळात ६५,५३६ नोंदींचा असतो. डीएनएसची (नावावरून आयपी पत्ता शोधण्याची) एक विचारणा म्हणजे एका पॅकेटचा एक फ्लो. व्हायरस लागलेला एखादा संगणक पोर्ट चाचपत सुटला, तर त्याचं प्रत्येक पॅकेट हा नवा फ्लो. सेकंदाला असे ५,००० नवे फ्लो आले आणि प्रत्येक जण १५ सेकंद कॅशेमध्ये बसून राहिला, तर एका वेळी ७५,००० नोंदी होतात. कॅशे ओसंडतो, आणि मग राउटर चालू फ्लोसुद्धा वेळेआधी बाहेर ढकलू लागतो. म्हणजे ज्या दिवशी नीट नोंद हवी, नेमकी त्याच दिवशी ती तुटक मिळते.

बाहेर पाठवण्याचाही खर्च आहे. नेटफ्लोच्या पाचव्या आवृत्तीत एक नोंद ४८ बाइटची, एका पॅकेटात जास्तीत जास्त ३० नोंदी आणि वर २४ बाइटचं शीर्ष (हेडर). सेकंदाला १,००० नोंदी बाहेर पडत असतील, तर सुमारे ०.४ एमबीपीएस फक्त या हिशेबासाठी जातात, आणि कलेक्टरवर दिवसाला सव्वाचार जीबीच्या आसपास कच्चा डेटा साठतो. मुख्यालयातल्या जाड लाइनला याचं काही वाटत नाही. तालुक्याच्या शाखेतली ४ एमबीपीएसची लाइन मात्र दहा टक्के त्यातच गमावते.

म्हणून राउटरला हात लावण्याआधी कागदावर प्रश्न लिहा. उदाहरणादाखल एका नागरी सहकारी बँकेचं मुख्यालय घेऊ. हिशेबाचा सर्व्हर १०.१०.५.२० वर आहे. शाखांशी बोलायला आयपी फोन आहेत, आणि फोनची पॅकेट ‘ईएफ’ म्हणजे डीएससीपी ४६ अशी प्राधान्याची खूण घेऊन येतात. बॅकअपचा सर्व्हर १०.१०.५.४० आहे. बाकी सगळं इंटरनेट. प्रश्न असे: हिशेबाच्या सर्व्हरशी कोण कोण बोललं? इथे एकही फ्लो सुटायला नको, म्हणून पूर्ण मोजणी. फोन आणि इंटरनेट लाइनचा किती वाटा खातात? इथे प्रमाण कळलं की पुरे, म्हणून शंभरात एक पॅकेट. बॅकअप किती वाजता आणि किती होतो, हे आपणच ठरवलेलं आहे, म्हणून त्याकडे बघायचंच नाही.

सिस्कोच्या पारंपरिक आयओएस या राउटर-प्रणालीवर हे काम क्वालिटी ऑफ सर्व्हिस म्हणजे सेवेच्या दर्जासाठी असलेल्या वर्ग आणि धोरणाच्या यंत्रणेतूनच होतं. आज्ञा खाली उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत; राउटरवर त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या.

सुरुवातीला ‘आयपी सीईएफ’ (पॅकेट वेगाने पुढे पाठवण्याची सिस्कोची यंत्रणा) चालू आहे याची खात्री करा, त्याशिवाय पुढचं काही चालत नाही. मग दोन सॅम्पलर, म्हणजे कितीत एक पॅकेट मोजायचं ते ठरवणारे नियम, बनवा. ‘फ्लो-सॅम्पलर-मॅप पूर्ण’ आणि त्याच्या आत ‘मोड रँडम वन-आउट-ऑफ १’. एकात एक म्हणजे सगळी पॅकेट. दुसरा ‘फ्लो-सॅम्पलर-मॅप शंभर’ आणि आत ‘मोड रँडम वन-आउट-ऑफ १००’.

आता ट्रॅफिक ओळखायच्या याद्या. ‘ॲक्सेस-लिस्ट ११० परमिट आयपी एनी होस्ट १०.१०.५.२०’ ही पहिली ओळ आणि ‘ॲक्सेस-लिस्ट ११० परमिट आयपी होस्ट १०.१०.५.२० एनी’ ही दुसरी. दोन्ही लागतात, कारण सर्व्हरकडे जाणारं पॅकेट शाखांच्या बाजूच्या इंटरफेसमधून आत येतं आणि त्याचं उत्तर सर्व्हरच्या बाजूच्या इंटरफेसमधून. बॅकअपसाठी अशीच जोडी १२० क्रमांकाच्या यादीत.

त्यानंतर वर्ग: ‘क्लास-मॅप मॅच-एनी हिशेब’ आणि आत ‘मॅच ॲक्सेस-ग्रुप ११०’, ‘क्लास-मॅप मॅच-एनी बॅकअप’ आणि आत १२०, ‘क्लास-मॅप मॅच-एनी फोन’ आणि आत ‘मॅच आयपी डीएससीपी ईएफ’. हे सगळं ‘पॉलिसी-मॅप मोजणी’ मध्ये एकत्र आणा. ‘क्लास हिशेब’ खाली ‘नेटफ्लो-सॅम्पलर पूर्ण’, ‘क्लास बॅकअप’ खाली काहीच नाही, ‘क्लास फोन’ आणि ‘क्लास क्लास-डीफॉल्ट’ या दोन्हींखाली ‘नेटफ्लो-सॅम्पलर शंभर’. शेवटी शाखांच्या आणि सर्व्हरच्या अशा दोन्ही बाजूंच्या इंटरफेसवर ‘सर्व्हिस-पॉलिसी इनपुट मोजणी’.

इंटरफेसवर ‘आयपी फ्लो इंग्रेस’ आधीपासून असेल तर ती ओळ ‘नो’ लावून काढा. पूर्ण नेटफ्लो तिथे चालू राहिला, तर प्रत्येक पॅकेट पुन्हा कॅशेत जातं आणि वरची सगळी मेहनत पाण्यात.

नव्याने शिकणाऱ्याला इथे एक भीती वाटते: यादीत ‘परमिट’ फक्त हिशेबाच्या सर्व्हरला दिलं, मग बाकीचं ट्रॅफिक अडणार का? नाही. यादी थेट इंटरफेसवर लावली तर ती पॅकेट अडवते. वर्गासाठी वापरली तर ती फक्त ओळखते. ‘परमिट’ म्हणजे या वर्गात घे, ‘डिनाय’ म्हणजे या वर्गात घेऊ नको, पुढच्या वर्गाकडे दे.

चुका मात्र ठरलेल्या जागी होतात. ‘क्लास-मॅप’ नंतर ‘मॅच-एनी’ लिहायचं राहिलं, तर राउटर ‘मॅच-ऑल’ धरतो. मग एका वर्गात दोन याद्या दिल्या असतील तर दोन्हींत बसणारं पॅकेटच मोजलं जातं, आणि असं पॅकेट सहसा नसतंच. वर्गांचा क्रम हेही तसंच. पॅकेट वरून खाली पहिल्या जुळणाऱ्या वर्गात जातं आणि तिथेच थांबतं. हिशेबाचा सर्व्हर रात्री बॅकअपच्या सर्व्हरशी बोलतो आणि ते ट्रॅफिक या राउटरमधून जातं, असं असेल तर ‘हिशेब’ वर असल्यामुळे तो बॅकअप पूर्ण मोजला जाईल. ते नको असेल तर ‘बॅकअप’ वर घ्या. तिसरी अडचण चालू व्यवस्थेतली: इंटरफेसवर एका दिशेला एकच सर्व्हिस-पॉलिसी बसते. तिथे आधीच दर्जासाठीचं इनपुट धोरण असेल, तर नवं धोरण लागणार नाही. त्या जुन्या धोरणातल्या वर्गांखालीच सॅम्पलरच्या ओळी घालाव्या लागतात.

लाइनवर आयपीसेकचा बोगदा (कूटबद्ध जोडणी) असेल तर बाहेरच्या भौतिक इंटरफेसवर मोजू नका. तिथे आत येणारं सगळं प्रोटोकॉल ५० म्हणून दिसतं, दोन टोकांचे दोन पत्ते, बस. बोगद्याच्या आभासी इंटरफेसवर किंवा आतल्या लॅनच्या इंटरफेसवर मोजा. नॅटचंही (आतले पत्ते बाहेर जाताना बदलण्याचंही) भान ठेवा: इंटरनेटकडून येणाऱ्या पॅकेटवर तुमचा सार्वजनिक पत्ता असतो, त्यामुळे बाहेरच्या बाजूला आतल्या पत्त्यांची यादी लावून उपयोग होत नाही.

आता सॅम्पलिंगचा भाग, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. शितावरून भाताची परीक्षा होते, पण भातातला खडा शितावरून सापडत नाही. सॅम्पलिंगचं बळ आणि मर्यादा दोन्ही यात आल्या. शंभरात एक पॅकेट निवडत असाल, तर ५ पॅकेटचा फ्लो दिसण्याची शक्यता जेमतेम ४.९ टक्के आहे. ५०० पॅकेटचा फ्लो मात्र ९९ टक्क्यांहून जास्त वेळा दिसतो. म्हणून लाइन कोण खातंय याचं उत्तर नमुन्यातून उत्तम मिळतं. कोणत्या संगणकाने एकदाच हळूच एखाद्या संशयास्पद पत्त्याला हात लावला, याचं मिळत नाही. सुरक्षेसाठी फ्लो बघणार असाल, तर त्या ट्रॅफिकला एकात एक हेच प्रमाण द्या.

चूक किती होईल याचा हिशेब सोपा आहे. एखाद्या प्रकारच्या ट्रॅफिकचे किती नमुने हाती आले, त्या संख्येचं वर्गमूळ काढा आणि १९६ ला त्याने भागा. ९५ टक्के खात्रीने, चूक तेवढ्या टक्क्यांच्या आत असते. आपली २० एमबीपीएसची लाइन पूर्ण भरली आहे आणि सरासरी पॅकेट ८०० बाइटचं आहे असं धरलं, तर सेकंदाला सुमारे ३,१०० पॅकेट होतात. शंभरात एक घेतलं की पाच मिनिटांत साधारण ९,३०० नमुने. एकूण मोजणीत चूक दोन टक्क्यांच्या आसपास. कोणीही खूश व्हावं. पण त्यातलं १ टक्का पॅकेट ज्याचं आहे अशा एखाद्या प्रोटोकॉलचे नमुने ९३ च्या आसपास, आणि तिथे चूक वीस टक्क्यांवर जाते. पाच मिनिटांऐवजी एका तासाचा हिशेब बघितला की तीच चूक सहा टक्क्यांखाली येते. म्हणजे प्रमाण बदलण्याआधी बघण्याचा कालावधी वाढवून पाहा. ते फुकट आहे.

आणखी एक फसवी गोष्ट. पॅकेट आणि बाइट १०० ने गुणायचे, हे बरोबर. फ्लोची संख्या मात्र कधीही गुणू नका. लहान फ्लो बहुतेक दिसतच नाहीत, आणि संथ फ्लो उलट तुटून जास्त दिसतात. सेकंदाला ५ पॅकेट पाठवणारी जोडणी घ्या. शंभरात एक म्हणजे तिचा नमुना सरासरी दर २० सेकंदांनी येणार. पण १५ सेकंद शांतता झाली की राउटर नोंद बंद करतो. एकाच जोडणीच्या अशा डझनभर नोंदी होतात. नमुन्यातल्या नोंदीवरून जोडणी कधी सुरू झाली आणि कधी संपली, हेही नेमकं सांगता येत नाही.

दर शंभरावं पॅकेट न घेता शंभरातलं कुठलंही एक, म्हणजे ‘रँडम’, घ्यायचं तेही याचसाठी. ट्रॅफिकला स्वतःची लय असते. फोनचा जी.७११ कोडेक (आवाजाचं डेटात रूपांतर करण्याची पद्धत) साधारणपणे दर २० मिलिसेकंदांनी पॅकेट पाठवतो. ठरावीक अंतराने निवड केली आणि ती या लयीशी जुळली, तर एकच प्रकार पुन्हा पुन्हा निवडला जातो आणि दुसरा सुटतो.

नोंदी बाहेर पाठवताना नववी आवृत्तीच घ्या: ‘आयपी फ्लो-एक्सपोर्ट व्हर्जन ९’. पाचव्या आवृत्तीच्या शीर्षात सॅम्पलिंगच्या प्रमाणासाठी एकच जागा आहे, आणि आपल्याकडे तर एकात एक आणि शंभरात एक अशी दोन प्रमाणं आहेत. नवव्या आवृत्तीत प्रत्येक सॅम्पलरची माहिती वेगळी पाठवता येते. त्यासाठी ‘आयपी फ्लो-एक्सपोर्ट टेम्प्लेट ऑप्शन्स सॅम्पलर’ ही ओळ घालावी लागते. ती राहिली, तर कलेक्टरला कोणती नोंद कितीने गुणायची ते कळत नाही. काही कलेक्टर सगळंच १०० ने गुणतात आणि हिशेबाचा सर्व्हर अचानक लाइनच्या क्षमतेहून जास्त ट्रॅफिक करताना दिसतो. असं दिसलं की आधी हीच ओळ तपासा. कलेक्टर नमुन्याची माहिती वाचत नसेल, तर एका राउटरवर एकच प्रमाण ठेवणं शहाणपणाचं.

ठिकाण ‘आयपी फ्लो-एक्सपोर्ट डेस्टिनेशन १०.१०.९.५ २०५५’ असं द्या. २०५५ हा रूढ पोर्ट आहे. आयपीफिक्ससाठी, म्हणजे नेटफ्लोच्या नवव्या आवृत्तीवरून बनलेल्या खुल्या मानकासाठी, ४७३९ नेमलेला आहे. ‘आयपी फ्लो-एक्सपोर्ट सोर्स लूपबॅक०’ ही ओळ विसरू नका; लूपबॅक० हा राउटरचा कायम चालू राहणारा आभासी इंटरफेस. ती नसेल तर मार्ग बदलला की पाठवणारा पत्ता बदलतो, आणि कलेक्टरला तो नवाच राउटर वाटतो. यूडीपीला पोच नसते आणि मजकूर उघडा जातो, म्हणून कलेक्टर व्यवस्थापनाच्या वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या आभासी विभागात) ठेवा.

३० मिनिटांचं मूल्य मात्र लगेच बदला: ‘आयपी फ्लो-कॅशे टाइमआउट ॲक्टिव्ह १’, म्हणजे एक मिनिट. नाहीतर अर्धा तास चाललेल्या डाउनलोडची नोंद शेवटी एकदम येते. आलेखात अर्धा तास शांतता आणि मग लाइनच्या क्षमतेपेक्षा उंच सुळका दिसतो.

राउटरचं घड्याळ एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने) जुळवा. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) एनटीपी सर्व्हरशी जुळवायला आणि यंत्रणांचे लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलं आहे. नमुन्यावर घेतलेले फ्लो त्या लॉगची जागा घेऊ शकत नाहीत, कारण त्यात बहुतेक लहान जोडण्या नसतातच. फायरवॉलचे लॉग वेगळे ठेवावेच लागतात.

आता तपासणी. ‘शो पॉलिसी-मॅप इंटरफेस’ ने प्रत्येक वर्गात किती पॅकेट पडली ते बघा. ‘हिशेब’ च्या पुढे शून्य असेल तर यादीत किंवा दिशेत चूक आहे. कलेक्टरकडे बघत बसू नका. ‘शो फ्लो-सॅम्पलर’ मध्ये सॅम्पलरने पॅकेट उचलली का ते दिसतं. ‘शो आयपी फ्लो एक्सपोर्ट’ मध्ये पाठवलेल्या आणि अडलेल्या नोंदींचे आकडे असतात.

‘शो आयपी कॅशे फ्लो’ वाचताना अनेक जण गोंधळतात, कारण तिथे पोर्ट आणि प्रोटोकॉल सोळाच्या पायात (हेक्समध्ये) छापलेले असतात. ००५० म्हणजे ८०, ०१बीबी म्हणजे ४४३, ००३५ म्हणजे ५३. प्रोटोकॉलच्या रकान्यातलं ०६ म्हणजे टीसीपी, पण ११ म्हणजे अकरा नव्हे तर १७, म्हणजे यूडीपी. आयसीएमपीला (पिंगसारख्या चाचणी-संदेशांच्या प्रोटोकॉलला) पोर्ट नसतात, म्हणून तिथे त्याचा प्रकार भरलेला असतो; साध्या पिंगच्या पुढे ०८०० दिसतं, दशमानात २०४८. कलेक्टरवर २०४८ पोर्टचं ट्रॅफिक दिसलं तर घाबरण्याआधी प्रोटोकॉल बघा. तुकडे पडलेल्या पॅकेटच्या दुसऱ्या तुकड्यापासून पोर्टच नसतो, म्हणून तिथे शून्य येतं.

नव्या सिस्को राउटरवर पारंपरिक नेटफ्लोऐवजी फ्लेक्झिबल नेटफ्लो असतो. तिथे रेकॉर्ड, एक्सपोर्टर, मॉनिटर आणि सॅम्पलर असे चार वेगळे भाग बनवून इंटरफेसवर जोडतात. सातऐवजी हव्या त्याच गोष्टी जुळवण्यासाठी निवडता येतात, आणि पोर्ट वगळले तरी नोंदी खूप घटतात. मायक्रोटिकवर ‘ट्रॅफिक फ्लो’ मध्ये इंटरफेस निवडता येतात.

जुनिपरवर फायरवॉल फिल्टरच्या एका टर्ममध्ये पत्ता जुळवून ‘देन सॅम्पल’ लिहितात. पद्धत देखणी आहे, पण इथे जपून. सिस्कोच्या वर्गासारखं हे नाही. जुनोसचा, म्हणजे जुनिपरच्या प्रणालीचा, फिल्टर खरोखर पॅकेट अडवतो, आणि कुठल्याही टर्ममध्ये न बसलेलं सगळं शेवटी टाकून देतो. म्हणून अखेरची टर्म विनाअट ‘देन ॲक्सेप्ट’ अशी असलीच पाहिजे. लावताना ‘कमिट कन्फर्म्ड ५’ द्या: पाच मिनिटांत तुम्ही पुन्हा ‘कमिट’ केलं नाही, तर राउटर आपोआप आधीच्या स्थितीला जातो. दूरच्या शाखेतल्या राउटरवर याशिवाय फिल्टर लावूच नये.

सिस्कोवर मोजणी काढायची झाली तर उलट्या क्रमाने जा. आधी दोन्ही इंटरफेसवरून ‘नो सर्व्हिस-पॉलिसी इनपुट मोजणी’, मग धोरण, मग वर्ग आणि याद्या, शेवटी सॅम्पलर. नंतर ‘शो आयपी कॅशे फ्लो’ मधल्या नोंदी ओसरल्या का ते बघा. एक-दोन मिनिटांनंतरही नव्या नोंदी येत असतील, तर कुठल्या तरी इंटरफेसवर ‘आयपी फ्लो इंग्रेस’ अजून शिल्लक आहे.